स्टेडियमचा खर्च आमचा, मग संघ कोणाचा?

तळ्याकाठची
२७ डिसेंबर २०२५

मी बफलोला राहते. न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून पार लांब, ईरी तळ्याच्या काठावर. इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पहिलाच प्रतिसाद "हातात चेंडू घेऊन पळतात त्याला फुटबॉल कसं म्हणायचं" असा यायला नको.

आमच्या गावचा संघ बफलो बिल्स. २०१४ पासून आम्ही चार मराठी घरांनी मिळून दोन सीझन तिकिटं घेतली होती. वर्षाला आठ-नऊ घरचे सामने, म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला दोन यायचे. जागा अगदी वरच्या मजल्यावर, तळ्यावरचा वारा सरळ तोंडावर येणारी. डिसेंबरात खालचं काँक्रीट इतकं गार असतं की बुटातून थंडी वर चढते. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की येताना पुठ्ठा आणायचा आणि पायाखाली घालून उभं राहायचं. तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक मोठ्या खोक्याचा एक तुकडा "सामन्यासाठी" बाजूला पडतो. सामन्याआधी ॲबट रोडवर कुणाच्या तरी अंगणात पैसे देऊन गाडी लावायची, डिकीतून शेगडी काढायची आणि वडे तळायचे. बाकीचे लोक वासाने जवळ येतात. माझा मुलगा या स्टेडियमवरच मोठा झाला.

१९७३ सालचं हे स्टेडियम आता जाणार. रस्त्याच्या पलीकडे नवीन उभं राहिलंय, २०२६ च्या मोसमात तिथे खेळणार. २०२२ मध्ये करार झाला तेव्हा खर्च १४० कोटी डॉलर सांगितला होता. त्यातले ६० कोटी राज्याने आणि २५ कोटी आमच्या ईरी काउंटीने द्यायचे. पुढे खर्च २०० कोटींच्या वर गेला. वाढीव खर्च मालकांनी सोसायचा असं करारातच आहे, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण ८५ कोटी आमच्या करातून गेलेच. मतदान वगैरे काही नाही. आणि नव्या स्टेडियममध्ये जागा जुन्यापेक्षा जवळपास १० हजारांनी कमी.

त्यात आता सीझन तिकीट हवं असेल तर आधी पर्सनल सीट लायसन्स घ्यायचं. खुर्चीप्रमाणे ५०० ते ५० हजार डॉलर. हे एकदाच द्यायचे, पण ते तिकिटाचे पैसे नाहीत. तिकीट दरवर्षी वेगळं. चारही घरांनी बसून हिशेब केला आणि अकरा वर्षांची जागा सोडली.

पैशांचं दुःख एक. दुसरं वेगळंच. मुलाने सात-आठ वर्षांचा असताना बिल्सच्या स्टेफॉन डिग्जचा १४ नंबरचा शर्ट मागितला होता, वाढदिवसाला घेऊन दिला. शाळेतून आला की तो अंगात. एप्रिल २०२४ मध्ये डिग्जला ह्यूस्टनला देऊन टाकलं. तिथून यंदा तो आमच्या कट्टर वैऱ्यांकडे, न्यू इंग्लंडला गेला. आणि ५ ऑक्टोबरला आमच्याच मैदानावर येऊन १० चेंडू झेलले, १४६ यार्ड काढले. आम्ही २३-२० हरलो. मुलगा टीव्हीसमोर बसून काहीच बोलला नाही. शर्ट कपाटात आहे.

४ जानेवारीला जुन्या स्टेडियमवरचा साखळीतला शेवटचा सामना. मला मनापासून विचारायचंय: कर आम्ही भरला, बसायचा हक्क वेगळा विकत घ्यायचा, आणि कोण राहील कोण जाईल यात आम्हाला काडीचाही शब्द नाही. अशा वेळी चाहत्याने काय करावं? पैसे द्यायचं थांबवलं तर संघाला फरक पडतो का? तुमच्याकडे काय अनुभव आहेत? कुठलाही फुटबॉल चालेल.

उगाच_एक

ताई, नेमका तोच प्रतिसाद द्यायला आलो होतो. तुम्ही दारातच अडवलंत.

गिरगांवकर_दुसरा

लायसन्सचं प्रकरण दोनदा वाचलं, मग डोक्यात प्रकाश पडला. ही पागडी आहे! आमच्या चाळीत आजोबांनी खोलीसाठी रोख रक्कम मोजली, खोली नावावर नाही झाली, फक्त राहायचा हक्क मिळाला, आणि भाडं वर महिन्याला चालूच. तुमची खुर्ची पागडीची. भाडं म्हणजे तिकीट.

तळ्याकाठची

@गिरगांवकर_दुसरा, अगदी! तीन वर्षं मी भारतातल्या नातेवाइकांना हे समजावून थकले, एका शब्दात काम झालं असतं. हा हक्क पुढे दुसऱ्याला विकताही येतो, म्हणजे पागडीच.

हिशेबनीस

मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

"स्टेडियम आलं की गावात पैसा येतो" हा दावा अमेरिकेत तीसेक वर्षं तपासला गेलाय. अर्थतज्ज्ञांमध्ये एरवी दोन माणसांचं एकमत होत नाही, पण इथे बहुतेकांचं आहे: सरकारने घातलेला पैसा परत येत नाही. कारण साधं आहे. बफलोतलं कुटुंब महिन्याला मौजमजेवर जे खर्च करणार तेच करतं. सामन्याला गेलं तर त्या आठवड्यात हॉटेलात जात नाही. पैसा गावातल्या गावात एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि त्यातला मोठा वाटा खेळाडू आणि मालक यांच्याकडे. शिवाय अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम वर्षातून दहा-बारा दिवस पूर्ण भरतं. बाकीचे दिवस पार्किंगचं मैदान.

सेंट लुईसचं उदाहरण बघा. रॅम्स संघ २०१६ ला लॉस एंजेलिसला निघून गेला, आणि ज्या डोममध्ये ते खेळायचे त्याचं कर्ज गाव नंतरही फेडत होतं. खटला घातला तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या लीगने आणि रॅम्सच्या मालकाने मिळून ७९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

तर ताई, तुमचा राग हिशेबाच्या बाजूनेही बरोबर आहे.

चेसापीक

हिशेबनीस, हिशेब बरोबर असेल. पण मी बाल्टिमोरजवळ पंचवीस वर्षं राहतोय, आणि इथल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला १९८४ विचारा. २८ मार्चच्या रात्री कोल्ट्स संघाचं सगळं सामान मेफ्लॉवर कंपनीच्या ट्रकांत भरलं आणि पहाटेपर्यंत संघ इंडियानापोलिसला. गाव सकाळी उठलं तर संघ नाही. कारण? स्टेडियमवरूनच वाद.

माझ्या ऑफिसातला एक जण त्या वेळी शाळेत होता. तो सांगतो, वडील नाश्त्याला बसले आणि पेपर उघडून तसेच बसून राहिले.

संघ गेला, पण संघाचा बँड गेला नाही. त्यांचे गणवेश त्या रात्री धुलाईला गेले होते म्हणून वाचले. ही माणसं संघ नसताना बारा वर्षं वाजवत राहिली, इतरांच्या सामन्यांत, मिरवणुकांत. १९९६ ला नवा संघ आला, तोही क्लीव्हलंडवाल्यांचा पळवून आणलेला. म्हणजे एका गावाचं दुःख दुसऱ्या गावाच्या गळ्यात.

बफलोची लोकसंख्या १९५० मध्ये ५ लाख ८० हजार होती, २०२० मध्ये २ लाख ७८ हजार. कारखाने गेले, माणसं गेली. अशा गावातून बिल्सही गेले असते तर? ८५ कोटी जास्त आहेत, मान्य. पण गावाजवळ दुसरं काय उरलं असतं, याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडणार?

हिशेबनीस

@चेसापीक, त्या भीतीवरच तर सगळा धंदा चालतो. ३२ संघ आणि संघ मागणारी गावं जास्त. लीग संघांची संख्या वाढवत नाही, त्यामुळे एखादं रिकामं गाव कायम धमकीला वापरता येतं.

आणि ताज्यातली गोष्ट. कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत एप्रिल २०२४ ला मतदान झालं, स्टेडियमसाठीचा विक्रीकर पुढे चालू ठेवायचा का म्हणून. लोकांनी नाही म्हटलं. परवा सोमवारी, २२ डिसेंबरला, चीफ्सनी जाहीर केलं की ते मिझुरी सोडून राज्याच्या सीमेपलीकडे कॅन्ससमध्ये जाणार. ३०० कोटी डॉलरचं छत असलेलं स्टेडियम, २०३१ मध्ये. त्यातला मोठा वाटा सरकारी रोख्यांतून. मतदान केलं तरी हे, नाही केलं तरी ते.

तळ्याकाठची

चीफ्सचं नाव काढलंत! जानेवारीत त्यांच्याकडून ३२-२९ ने हरलो त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं नाही. पण त्यांच्या चाहत्यांबद्दल आज पहिल्यांदाच वाईट वाटतंय. १९७२ पासूनचं मैदान आहे त्यांचं.

चेसापीक, तुमची बँडची गोष्ट मुलाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "आपणही वाजवू."

पेठकरी

कोल्हापुरातनं लिहितोय. शिवाजी पेठ.

ताई, तुमचं वाचून असं वाटलं की तुम्ही आमच्याबद्दलच लिहिलंय, फक्त पैसे डॉलरात आहेत. आमच्याकडं संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. कोण कुठल्या संघाचा हे विचारायचं नसतं, घर कुठल्या गल्लीत आहे ते विचारायचं. शाहू स्टेडियमवर दगडी पायऱ्यांवर बसायचं, दुपारचं ऊन डोक्यावर, आणि गोल झाला की शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायचं.

खेळाडू जाण्याचं म्हणाल तर केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) खेळाडू नोंदणीचे दिवस म्हणजे आमच्याकडं परीक्षेच्या निकालासारखं. लहानपणापास्नं आपल्या पेठेत खेळलेला पोरगा समोरच्या तालमीकडनं सही करून येतो. माझ्या शेजारचंच पोरगं. आई माझ्या आईकडं वाटी घेऊन साखरेला यायची. त्यानं दुसऱ्या संघाकडनं सही केली तर आमच्या म्हाताऱ्यानं दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग पोराला पहिल्याच सामन्यात गुडघ्याला लागलं. दवाखान्यात पहिल्यांदा कोण गेलं असेल? म्हातारा. शहाळी घेऊन.

बाहेरचे खेळाडू, परदेशी खेळाडू आणायला लागल्यापास्नं वर्गणी वाढली. पण एक सांगतो, आमच्या वर्गणीची वही कुणीही मागितली की बघायला मिळते. कुणाला किती दिले, कशाला दिले, हे कट्ट्यावर विचारता येतं आणि मंडळाच्या माणसाला उत्तर द्यायला लागतं. तुमच्या मालकाला कोण विचारणार?

साळुंकी

पेठकरी, शहाळ्यांपाशी थांबले. सुंदर.

बालेवाडीकर

पेठकरी नशीबवान आहात, तुमचा खेळाडू समोरच्या पेठेत जातो. आमचा अख्खा संघ गेला.

एफसी पुणे सिटी. २०१४ ते २०१९. बालेवाडीला केशरी शर्ट घालून आम्ही पाच मोसम घसा फोडला. त्याआधीपासूनचा पुणे एफसीही मधल्या काळात बंद पडला, म्हणून मन लावताना भीतीच वाटत होती. २०१७-१८ ला मार्सेलिनो आणि आल्फारो यांनी जो खेळ केला, उपांत्य फेरीपर्यंत गेलो, तेव्हा वाटलं आता मुळं धरली. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर संघ बंद. हैदराबादला नवा क्लब निघाला, आणि मार्सेलिनो तिकडे.

पुढचं ऐका. हैदराबादवाल्यांनी २०२१-२२ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली सुद्धा. आणि यंदा तो संघही दिल्लीला गेला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली नावाने. हैदराबादच्या पोरांना आता आमच्यासारखंच वाटत असणार. त्यांच्यावर माझा काही राग राहिला नाही.

मला कुणी एक ओळीचं पत्रसुद्धा पाठवलं नव्हतं. ताई, तुमचा संघ रस्त्याच्या पलीकडे गेलाय. पलीकडे जाऊन बघता तरी येईल.

उगाच_एक

बालेवाडीकर, तो केशरी शर्ट अजून आहे का?

बालेवाडीकर

आहे. गणपतीत मांडव घालायला चढताना घालतो. पाठीवरचा नंबर अजून वाचता येतो.

मडगांवचो

आमच्या गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमला या म्हणण्यासारखी सध्या परिस्थितीच नाही. ८ डिसेंबरला लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपला आणि आयएसएलचा मोसम अजून सुरूच झालेला नाही. तिकीट महाग म्हणून रडायला निदान तिकीट तरी असावं लागतं. आमचा एफसी गोवा सुपर कप खेळला, जिंकला, आता पुढे काय, कोण जाणे.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. ऑक्टोबरात रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर आमच्याशी खेळायला आला. रोनाल्डो येणार म्हणून तिकिटांचे दर चढले, लोकांनी घेतलीही. तो आलाच नाही. माझ्या मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं. पण ब्रायसनने गोल केला तेव्हा तोच मेव्हणा खुर्चीवर उभा. १-२ हरलो. घरी येताना सगळ्या वाटेत एकच नाव, ब्रायसन, आमचा पोर. ज्याच्यासाठी पैसे दिले तो आला नाही, आणि जो आपला होता त्याने पैसे वसूल करून दिले. मोठी नावं आणण्यापेक्षा हे आपले पोर सांभाळा, एवढंच आमचं मालकांना सांगणं.

अंधेरीची_सातवी_गाडी

मुंबई सिटीवाल्यांचंही लिहा. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ ला ६५ टक्के वाटा घेतला होता, तो याच आठवड्यात सोडून गेले. दोन वेळा लीग कप जिंकला त्यांच्या काळात. जाण्याचं कारण म्हणजे हीच लीगची अनिश्चितता. मालक येतात जातात, आम्ही मात्र अंधेरी स्टेशनवरून त्याच गर्दीतून चालत जाणार.

मर्सीकाठ

ताईंचा मूळ प्रश्न मागे पडतोय: पैसे द्यायचं थांबवलं तर फरक पडतो का? पडतो. मी लिव्हरपूलमध्ये राहतो, इथलं उदाहरण देतो.

६ फेब्रुवारी २०१६. नव्या मुख्य स्टँडमध्ये काही तिकिटं ७७ पौंडांची होणार असं क्लबने जाहीर केलं होतं. चाहत्यांनी ठरवलं, ७७ व्या मिनिटाला उठून जायचं. सामना संडरलंडशी, लिव्हरपूल २-० ने पुढे. ७७ वं मिनिट आलं आणि सुमारे १० हजार माणसं खरोखर उठली. संघ जिंकत असताना! सामना २-२ सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ पौंड रद्द, सगळ्यात महाग तिकीट दोन मोसम ५९ वरच थांबवलं. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा आणली, ती आजही आहे.

मी तेव्हा नवीन होतो, टीव्हीवर बघितलं. आमच्या घरमालकाने सांगितलं ते लक्षात राहिलंय. तो म्हणाला, उठणं सोपं होतं, दारापर्यंत जाताना मागे न बघणं कठीण होतं.

चेसापीक

मर्सीकाठ, हे भारीच. पण बफलोत कोणी उठून गेलं तर त्याची जागा घ्यायला मागे रांग आहे. तिथे बर्फ पडला तर लोक फावडी घेऊन स्टेडियम साफ करायला जातात.

तळ्याकाठची

जानेवारी २०२४! पिट्सबर्गविरुद्धचा सामना बर्फामुळे रविवारचा सोमवारी ढकलला होता. क्लबने तासाला २० डॉलर देऊन माणसं बोलावली. माझा नवरा गेला होता. पैशांसाठी नाही, "आपली खुर्ची आपण मोकळी करू" म्हणून. रात्री आला तेव्हा मिशा पांढऱ्या.

हीच माणसं, आमच्या संघाचा मुख्य खेळाडू जोश ॲलन याची आजी गेली तेव्हा त्याच्या १७ नंबरवरून १७-१७ डॉलर मुलांच्या दवाखान्याला पाठवणारी. १० लाखांच्या वर जमले होते. आम्हीही पाठवले. हे प्रेम विकत घेता येत नाही, म्हणून तर त्याच्यावर लायसन्स लावलेलं इतकं लागतं.

कॅपवाला

डिग्जबद्दल थोडं. मुलाला समजावता आलं तर बघा.

या लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा असते. २०२४ ला ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. खेळाडूला करार करताना जी मोठी रक्कम एकदम हातात देतात, ती हिशेबात मात्र कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात. खेळाडू मध्येच गेला की साधारणपणे उरलेली सगळी रक्कम त्याच वर्षी अंगावर येते. डिग्ज गेला तेव्हा बिल्सच्या २०२४ च्या हिशेबात ३ कोटी १० लाख डॉलर असे पडले, जे मैदानावर कोणी खेळत नसताना मोजावे लागले. म्हणजे एवढा भुर्दंड सोसूनही त्यांनी त्याला पाठवलं. नातं बिघडलं होतं, वय तिशीला होतं, आणि बदल्यात नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या फेरीत एक खेळाडू निवडायचा हक्क मिळत होता. शिवाय ॲलनचा मोठा करार डोळ्यांसमोर होता. तो मार्च २०२५ ला झाला, सहा वर्षांचे ३३ कोटी.

निर्णय थंड डोक्याचा होता, आणि माझ्या मते बरोबर होता. २०२४ ला डिग्जशिवाय ॲलन मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरलाच की.

साळुंकी

कॅपवाला, माहिती छान. पण कपाटातल्या शर्टाचं काय करायचं हे त्या हिशेबात येत नाही.

कॅपवाला

नाही येत. माझ्या कपाटात तीन आहेत.

गोठलेला_वाफा

विस्कॉन्सिनमधून. एवढं सगळं चाललंय आणि ग्रीन बेचं नाव कोणी काढलं नाही?

इथे गाव १ लाख ७ हजारांचं, आणि ग्रीन बे पॅकर्स या संघाचा कोणी एक मालक नाही. १९२३ पासून भागधारकांचा संघ आहे. आज ५ लाखांच्या वर भागधारक. शेवटची विक्री २०२१ च्या अखेरीला सुरू झाली, ३०० डॉलरला एक शेअर. मी एक घेतलाय, भिंतीवर लावलाय. लाभांश मिळत नाही, शेअरची किंमत वाढत नाही, तिकीटही मिळत नाही. सीझन तिकिटाच्या यादीत मुलाचं नाव जन्मल्यावर घातलंय, नंबर लागेल तेव्हा त्याला नातवंडं असतील. पण संघ कुठे जाणार नाही.

सरकारी पैसा इथेही लागला. २००० मध्ये काउंटीत मतदान झालं, अर्धा टक्का विक्रीकर स्टेडियमच्या नूतनीकरणाला. लोकांनी हो म्हटलं. कर्ज फिटलं आणि २०१५ ला तो कर बंद झाला. विचारून घेतला आणि काम झाल्यावर थांबवला.

पेठकरी

हा तर आमचा सहकारी साखर कारखाना! सभासदांचा, शेअर भिंतीवर.

पण वाफेसाहेब, कारखान्याचा सभासद असला की दिवाळीला सवलतीची साखर तरी मिळते. तुम्हाला निदान सामन्यादिवशी चीज फुकट द्यायला पाहिजे.

गोठलेला_वाफा

पेठकरी, हा ठराव मी पुढच्या वार्षिक सभेत मांडतो. सभा स्टेडियममध्येच भरते, खरंच.

हिशेबनीस

गंमत अशी की बाकीच्या संघांना असं करायला लीगच्या नियमांनीच मनाई आहे. पॅकर्स जुने म्हणून त्यांना सूट. जर्मनीत उलट: तिथे क्लबच्या सभासदांकडे मताधिकाराचा अर्ध्याहून जास्त वाटा असावा असा नियमच आहे. हॅम्बुर्गच्या सेंट पाउलीने तर नुकतीच सहकारी संस्था काढली, २१ हजारांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे २ कोटी ९० लाख युरो जमवले आणि स्टेडियमची मोठी मालकी आपल्याकडे घेतली. म्हणजे करता येतं. करू द्यायचं नाही हा निर्णय आहे, निसर्गनियम नाही.

जर्सी_सिटीची_मावशी

अवांतर: आमच्या दाराशी, मेटलाइफ स्टेडियममध्ये, जुलै २०२६ मध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. निष्ठावान चाहत्यांसाठी राखून ठेवलेल्या वाट्यातसुद्धा अंतिम सामन्याचं स्वस्तातलं तिकीट ४,१८५ डॉलर निघालं. युरोपातल्या चाहत्यांनी आरडाओरडा केल्यावर याच महिन्यात ६० डॉलरची मोजकी तिकिटं जाहीर झाली, तीही पात्र ठरलेल्या देशांच्या संघटनांमार्फत. भारत त्यात नाही, म्हणजे आपल्या वाट्याला त्यातलं काही नाही. आम्ही बाल्कनीत खुर्च्या टाकणार आहोत. आवाज ऐकू येतो का बघू.

उगाच_एक

मावशी, बाल्कनीचं लायसन्स किती?

मडगांवचो
७ जानेवारी २०२६

बातमी! आयएसएल १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार असं क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलंय. १४ क्लब. मोसम छोटा असेल. असू दे. मेव्हण्याने झेंडा धुवायला काढला.

साळुंकी

मडगांवचो, अभिनंदन! आणि ४ तारीख होऊन गेली, तळ्याकाठची कुठे आहेत?

तळ्याकाठची
२१ जानेवारी २०२६

उशीर झाला, माफ करा. लिहायला बसत होते आणि उठत होते.

४ जानेवारीला आम्ही गेलो. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिची दोन तिकिटं छापील किमतीत दिली, एक सेंटही वर घेतला नाही. जेट्सना ३५-८ ने हरवलं. आमच्या जुन्या जागेपासून चार रांगा खाली बसलो होतो. पुठ्ठा शिकवणारे आजोबा वर त्यांच्या जागेवर होते. त्यांनीही लायसन्स घेतलेलं नाही. १९७३ च्या पहिल्या मोसमापासून येत होते, तेव्हा लग्न व्हायचं होतं म्हणाले. सामना संपल्यावर बराच वेळ कोणी हललंच नाही. त्यांनी हातमोजा काढून खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, जसं गाय विकताना माणूस फिरवतो तसा. मग आपला पुठ्ठा उचलून घडी घातली आणि माझ्या मुलाला दिला.

तिथून निघताना मुलाने जाकिटाची चेन उघडली तर आत १४ नंबरचा शर्ट. लहान झालाय, पोटावरून वर चढत होता. मी काही विचारलं नाही.

त्यानंतर १७ तारखेला डेन्व्हरला जादा वेळेत ३३-३० ने हरलो, आणि दोन दिवसांनी नऊ मोसम सांभाळलेल्या प्रशिक्षकांना काढलं. तेही कोणी आम्हाला विचारून केलं नाही.

तुम्हा सगळ्यांचं वाचून आम्ही चार घरांनी परत बसून ठरवलंय. लायसन्स घ्यायचं नाही. वर्षातून एक सामना, मिळेल तिथे, मिळेल त्या किमतीत नाही तर परवडेल त्या किमतीत. आणि काउंटीच्या जाहीर बैठकांना आता पाळीपाळीने आमच्यातलं एक जण जाणार. स्टेडियमचा करार ३० वर्षांचा आहे, त्यातल्या अटी पाळल्या जातात का ते विचारायला. सीझन तिकिटाची पाळी लावायचो तीच वही वापरतोय. पेठकरींच्या वर्गणीच्या वहीवरून हे सुचलं.

पेठकरी, आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी मिरजेला येतोय, आईकडे. मुलाला शाहू स्टेडियम बघायचंय. तेव्हा सामने असतात का? तिकिटं आधी काढावी लागतात?

पेठकरी

या की! तारखा कळवा, सामना बघून ठेवतो. तिकिटाचं तुम्ही बघायचं नाही, पाहुणे आहात. दोन वाजता पोचायचं म्हणजे सावलीतली पायरी मिळंल, नाहीतर पश्चिमेचं ऊन तोंडावर येतं. टोपी आणा. आणि तो पुठ्ठा पण आणा, आमच्या पायऱ्या तापतात.